नवी सून, सदतीस सहा

मामा तापला होता.

म्हणजे माणूस नव्हे, मशीन. ताई आणि दाजींच्या हॅचरीत अंडी उबवायची सहा मशीन आहेत आणि ताईने त्यांना नातेवाइकांची नावं दिली आहेत. आजोबा सुरू व्हायला वेळ घेतो आणि मग दिवसभर खाकरत बसतो. मोठे काका अंगाने अवाढव्य, कामाला बेताचे. मग म्हातारी, सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत भरवशाची. मग आत्या, जी कशानेही तापते. मग मामा, जो आजवर कशानेही तापलेला नव्हता. आणि शेवटी नवी सून, गेल्या वर्षी आलेली, चकचकीत, जिचा स्वभाव अजून कुणाला कळलेला नाही.

"छोट्या, खाली ये!" ताईने जिन्यातून हाक मारली. "मामा अडतीसवर गेलाय!"

मी वरच्या खोलीत राहतो. तात्पुरता. दोन वर्षं झाली. माझा या घराला एकच उपयोग आहे, तो म्हणजे ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालणारी स्क्रिप्ट, मी लिहिलेला एक छोटासा प्रोग्रॅम. प्रत्येक मशीनच्या पोटात एक सेन्सर आहे, त्याची वायर कॉम्प्युटरपर्यंत येते आणि स्क्रिप्ट काळ्या पडद्यावर सहा ओळी दाखवते. डावीकडे तापमानाचा आकडा, जो साडेसदतीसच्या आसपास राहायला हवा, आणि पुढे नाव. नावं सुरुवातीला एकदाच छापली जातात. त्यानंतर स्क्रिप्ट कर्सरला, म्हणजे त्या लुकलुकणाऱ्या पांढऱ्या चौकोनाला, ज्या त्या ओळीवर नेते आणि नुसता आकडा बदलते. पूर्वी मी दर वेळी सगळा पडदा पुसून नव्याने छापायचो, पण त्याने पडदा फडफडायचा आणि ताईचं डोकं उठायचं. ताईचं डोकं उठलं की माझं जेवण उशिरा व्हायचं. म्हणून ही सुधारणा.

मी खाली आलो तेव्हा दाजी मामाच्या बाजूला वाकून हीटर कमी करत होते. ताई ऑफिस आणि मशीनची खोली यांच्या मधल्या दारात उभी होती. आणि कॉम्प्युटरसमोर, दाजींच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी घेऊन ताईच्या सासूबाई बसल्या होत्या. त्या सकाळीच आल्या होत्या.

"या," त्या मला म्हणाल्या. "झोप झाली?"

"काम करत होतो, मावशी."

"हो, घोरण्याचा आवाज खालपर्यंत येत होता कामाचा."

सासूबाई का आल्या होत्या ते सांगायला हवं, कारण सगळा जीव त्यातच अडकला होता. त्यांच्या काळ्या कोंबड्या होत्या. अंगभर काळ्या, पायांवर पिसं असलेल्या, डोळ्यांत भलताच तोरा. तो वाण त्यांना त्यांच्या आईकडून मिळालेला, आईला तिच्या आईकडून. दुसरीकडे कुठे तो उरला असेल तर त्यांना माहीत नव्हता, आणि त्यांना माहीत नसलेली कोंबडी या भागात नव्हती. गेल्या महिन्यात खुराड्याचं दार उघडं राहिलं आणि कुत्र्यांनी एका सकाळीत सगळं संपवलं. राहिली ती घरात टोपलीत जमवलेली अंडी. दाजी जाऊन ती उशांमध्ये ठेवून घेऊन आले आणि नव्या मशीनमध्ये लावली, कारण आईच्या अंड्यांना जुनं मशीन कसं द्यायचं? आता तीच अंडी फुटायला आली होती. तो वाण म्हणजे आता तेवढी अंडी. ती गेली की संपलं.

"आत टकटक चालू झाली आहे," ताई हळू आवाजात म्हणाली. "सकाळी आईंनी काचेला कान लावून ऐकलं."

त्यामुळे नव्या सुनेचं दार उघडायला सक्त मनाई होती. शेवटच्या तीन दिवसांत कुठल्याच मशीनचं दार उघडत नाहीत. आतली ओल निघून जाते, कवचाखालचा पापुद्रा वाळतो आणि अर्धवट बाहेर आलेल्या पिल्लाला तो चिकटून बसतो. पिल्लू आतल्या आत अडकून मरतं. दाराला काच आहे, पण त्या दिवसांत ती वाफेने पांढरी झालेली असते. म्हणून तर सेन्सर. म्हणून तर स्क्रिप्ट. म्हणून तर मी.

"किती झालं?" दाजींनी आतून ओरडून विचारलं.

सासूबाईंनी पडद्याकडे पाहिलं. "मामा, अडतीस सात."

"हीटर तर निम्म्यावर आणलाय!"

"मग त्याला सांगा तसं. त्याला माहीत नाही वाटतं."

ताईने मामाच्या काचेवर तळहात ठेवला. "अहो, हे गार लागतंय."

"काचेचं काय ऐकतेस? सेन्सर आत आहे, काच बाहेर आहे."

हे वाक्य माझं होतं. दोन वर्षांपूर्वी स्क्रिप्ट बसवताना मी ते त्यांना ऐकवलं होतं. दाजींनी पाठ केलं होतं. आता ते ऐकताना मला थोडा अभिमान वाटला, हेही खरं.

दाजींनी हीटर पार बंद केला. आम्ही सगळे पडद्यासमोर जमलो. मामा अडतीस आठ. अडतीस नऊ. मामामध्ये गिऱ्हाइकांची साधी अंडी होती, पण अंडं साधं असलं म्हणून त्याला शिजायला आवडतं असं नाही.

"आत्या पडतेय," सासूबाई म्हणाल्या.

खरंच. आत्याचा आकडा सदतीसवरून छत्तीस आठवर आला. छत्तीस पाच. छत्तीस दोन.

"आता हिला काय झालं?" ताई धावली. तिने आत्याचा हीटर वाढवला. "गेली दोन वर्षं तापून तापून डोक्याला ताप दिला आणि आज गारठतेय?"

"वाढव, वाढव!"

आम्ही आत्याकडे डोळे लावून बसलो. आत्या काही वर येईना. पस्तीस नऊ. आणि तेवढ्यात वरची ओळ चढायला लागली. अडतीस एक, पुढे 'आईसाहेब'.

"आईसाहेब कोण?" मी विचारलं.

दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसावं. मी बसलो. ते म्हातारीकडे गेले आणि तिचा हीटर कमी करून आले. मला उलगडा झाला: म्हातारीचं नाव बदललं होतं. नावांची फाइल मी सगळ्यांना दाखवून ठेवली होती, कारण नाव बदलायला दर वेळी मला उठवावं लागू नये. आज आई येणार, त्या पडद्यासमोर बसणार, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'म्हातारी' लिहिलेलं असणार, या विचाराने दाजींना रात्रभर झोप लागली नसणार.

"मेव्हणे," दाजी माझ्या कानाशी म्हणाले, "काहीतरी करा. सगळी मशीन वेड लागल्यासारखी वागताहेत."

"लाइनीत व्होल्टेज कमी-जास्त होत असेल," मी म्हणालो. हे मी कशालाही म्हणतो.

"मामा एकोणचाळीस एक," सासूबाईंनी वाचलं. त्यांचा आवाज स्थिर होता. मांडीवरच्या पिशवीचे बंद मात्र त्यांनी बोटाला इतके गुंडाळले होते की बोट पांढरं पडलं होतं. "आत्या पस्तीस सात. तुमची ती आईसाहेब अडतीस पाच."

ताई आणि दाजी एका मशीनकडून दुसऱ्याकडे पळत होते. एकाचा हीटर वाढवला की दुसरं पडायचं, त्याला सावरलं की तिसरं चढायचं. जणू सहाही नातेवाईक एकमेकांचं ऐकून रुसत होते. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पुसायलाही तिला वेळ नव्हता.

"एक बरं आहे," सासूबाई म्हणाल्या आणि पडद्याच्या तळाकडे बोट केलं. "माझी ती नवी सून शहाणी. एवढा गोंधळ चाललाय, पण सकाळपासून ठिपकाभरसुद्धा हलली नाही. सदतीस सहा म्हणजे सदतीस सहा. शिका काहीतरी."

शेवटचं वाक्य ताईसाठी होतं. मी हसलो. आणि हसता हसता थांबलो.

मशीन हलतं. चांगल्यातलं चांगलं मशीन हलतं. सदतीस पाच, सदतीस सहा, सदतीस चार; हीटर चालू होतो, बंद होतो, आकडा श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो. सकाळपासून एकाच आकड्यावर थांबलेलं मशीन शहाणं नसतं. त्याचा आकडा मेलेला असतो.

"मावशी, जरा सरका."

"सरकायला जागा कुठे आहे? ही खुर्ची बघ केवढी."

मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पडदा नीट पाहिला. अर्ध्या पडद्यावर दाजींचा पत्त्यांचा डाव उघडा होता, म्हणून माझ्या स्क्रिप्टच्या खिडकीला उरलेली अर्धीच रुंदी मिळाली होती. मी ओळी मोजल्या. वरचं शीर्षक सोडून सात. मशीन सहा.

तिसरी ओळ अशी होती: छत्तीस सहा, पुढे 'आमच्या सर्वांच्या आदरणीय आणि'. चौथी ओळ: अडतीस सहा, पुढे 'आईसाहेब'.

"दाजी! म्हातारीचं नाव पूर्ण काय ठेवलं तुम्ही?"

सासूबाईंनी मान वळवली. "म्हातारी कोण?"

"दाजी, नाव सांगा, लवकर!"

"आमच्या सर्वांच्या आदरणीय आणि लाडक्या आईसाहेब," दाजी मशीनमागून पुटपुटले.

नाव खिडकीत मावलं नव्हतं. शेवट खालच्या ओळीवर उतरला होता. आणि त्या उतरलेल्या 'लाडक्या'वर आकडा छापून स्क्रिप्टने त्या ओळीचं एक वेगळंच मशीन करून टाकलं होतं. दाजींना वाटलं होतं, नाव लांब म्हणून दोन ओळी, आईचा मान म्हणून दोन आकडे.

मी कर्सर शोधला. एक फेरी संपली की तो सगळ्यांच्या खाली, मोकळ्या ओळीवर येऊन थांबायला हवा. तो थांबला होता नव्या सुनेच्या ओळीवर. तिच्या सदतीसच्या डोक्यावर बसून लुकलुकत होता, निर्लज्जासारखा.

कर्सर कुठे आहे हे टर्मिनलला, म्हणजे त्या काळ्या खिडकीलाच, विचारता येतं. विचारलं की ते बिचारं ओळ आणि रकाना दोन्ही सांगतं. माझी स्क्रिप्ट विचारत नव्हती. ती मनातल्या मनात मोजत होती. शीर्षकाची एक, आजोबा दोन, काका तीन, म्हातारी चार, आत्या पाच. पाचव्या ओळीवर आत्या नव्हतीच. तिथे आईसाहेबांचं शेपूट पसरलं होतं. तिथून खाली प्रत्येक आकडा एकेक ओळ वर छापला जात होता.

म्हणजे मामासमोरचा आकडा मामाचा नव्हताच.

मी पुन्हा वाचला. एकोणचाळीस तीन.

"नवी सून उघडा!" मी ओरडलो. "ताई! नव्या सुनेचं दार उघड!"

ताई आणि दाजी होते तिथेच थांबले. फक्त आजोबा खाकरत होता.

"हात लावायचा नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मावशी, मामा तापलेला नाही. नवी सून तापली आहे."

"समोर सदतीस सहा दिसतंय की."

"तो सकाळचा आकडा आहे. स्क्रिप्ट चालू झाली तेव्हाचा. त्यानंतर त्या ओळीवर कुणी काही लिहिलंच नाही. तिचा खरा आकडा मामासमोर येतोय. मामाचा आत्यासमोर येतोय. आत्याचा आईसाहेबांसमोर."

दाजी दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात मामाच्या हीटरचं बटण होतं. फिरवून फिरवून निघून आलं होतं. "मेव्हणे, पडद्यावर विश्वास ठेवा, काचेचं ऐकू नका, असं तुम्हीच दोन वर्षं सांगताय."

"हो. आता सांगतोय, पडद्यावर विश्वास ठेवू नका."

"आणि उघडल्यावर आत सदतीस सहाच निघालं तर?"

तसं निघालं तर आतला ओलावा गेला असता, पापुद्रे वाळले असते, आणि आतून ठोठावणारी ती सगळी पिल्लं माझ्या एका ओरडण्यामुळे जागच्या जागी चिकटली असती. आणि मी बरोबर असलो तर आम्ही इथे उभे राहून बोलत होतो तेवढा वेळ ती शिजत होती.

सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली. "मला समजेल असं सांग. आणि लवकर."

"डॉक्टरकडे ओळीने खुर्च्या मांडल्यात. कंपाउंडर नाव बघत नाही, खुर्च्या मोजून औषध देतो. पाचव्या खुर्चीला हे, सहाव्याला ते. तिसऱ्या पेशंटने दोन खुर्च्या अडवल्या. आता त्याच्यापुढच्या प्रत्येकाला दुसऱ्याचं औषध मिळतंय, आणि शेवटच्याला काहीच नाही."

"दोन खुर्च्या अडवणारी मी."

"तुमचं नाव, मावशी. तुम्ही नाही."

त्यांनी दाजींकडे एकदाच पाहिलं. दाजी हातातल्या बटणाकडे पाहू लागले.

"सिद्ध कर," सासूबाई म्हणाल्या.

सेन्सरच्या वायरी प्रत्येक मशीनच्या पाठीमागे पिनेत खोचलेल्या असतात. "ताई, मामाची वायर काढ," मी म्हणालो. "नुसती वायर. वायर नसली की स्क्रिप्ट आकड्याच्या जागी रेघा मारते. मामासमोर रेघा आल्या तर मी खोटा. आत्यासमोर आल्या तर दार उघडायचं."

ताई मामाच्या मागे गेली. "काढली!"

पडदा होता तसाच राहिला. स्क्रिप्ट एकेका मशीनला विचारत जाते आणि जुन्या वायरी सावकाश बोलतात. मी स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट मला कधी इतकी मंद वाटली नव्हती. आजोबाचा आकडा बदलला. काकांचा बदलला. चौकोन 'आदरणीय आणि'वर आला. तिथे रेंगाळला. सासूबाई माझ्या मनगटाला धरून होत्या आणि त्यांची नखं मला लागत होती. चौकोन 'आईसाहेब'वर उतरला. अडतीस नऊ. मग एक ओळ खाली.

आत्या. चार रेघा.

"उघडा," सासूबाई म्हणाल्या, आणि खुर्चीतून उठून स्वतःच पळाल्या. त्यांचे गुडघे दुखतात असं मी ऐकून होतो.

दाजींनी खिटी ओढली. दारातून आलेली हवा चेहऱ्यावर अशी आदळली की आम्ही सगळे मागे झालो. माझा चष्मा पांढरा झाला. आतला पंखा थांबला होता आणि हीटर मात्र इमानेइतबारे चालू होता. ताईने भिंतीवरचं थर्मामीटर खाली ट्रेवर धरलं.

"चाळीस होत आलंय," ती म्हणाली आणि बाहीने डोळे पुसायला लागली.

"रडायचं नंतर," सासूबाई म्हणाल्या. "रिकामी जागा कुठे आहे?"

"म्हातारीत," दाजी म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

"मग म्हातारीत न्या. ती आता गार झाली असेल, तूच केलीस ना."

छत्तीस झाली होती. दाजींनी तिचा, मामाचा आणि आत्याचा हीटर होता तिथे आणला. ताई आणि मी ट्रे उचलून नेत होतो, पोटाशी धरून, एकही अंडं हलू नये अशा चालीने, जी चाल मी आयुष्यात कधी चाललो नव्हतो. ताईने कोमट पाण्याचा फवारा हवेत मारला, ओल टिकावी म्हणून. सासूबाई दारापाशी उभ्या राहिल्या. ट्रे आत सरकवण्याआधी त्या एकेक अंडं उचलून कानाला लावत होत्या.

पहिलं अंडं ठेवलं. दुसरं घेतलं. तिसरं. काहींच्या टोकाला बारीक टोचा पडला होता आणि त्याच्याआड हालचाल नव्हती.

"आई, दार लावायला हवं," दाजी म्हणाले.

"थांब."

चौथं. पाचवं. सहावं अंडं त्यांनी कानाला लावलं आणि तिथेच धरून राहिल्या. डोळे मिटले. मग ते त्यांनी ताईच्या कानाशी नेलं.

"ऐक."

ताई ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

"अगं, काय म्हणतंय?" दाजींनी विचारलं.

"शिव्या देतंय," ताई म्हणाली.

"कुणाला?"

"तुम्हाला दोघांना."

सासूबाईंनी बाकीची अंडी कानाला लावली नाहीत. ट्रे सरकवला, दार लावलं, खिटी लावली आणि मला म्हणाल्या, "तू त्या खोक्यासमोर बस. मी इथून थर्मामीटर वाचून ओरडते, तू तिथून ओरड. दोन आकडे जुळले नाहीत तर तुला आत ठेवीन."

मी बसलो. पत्त्यांचा डाव बंद केला, खिडकी पूर्ण रुंद केली, आणि स्क्रिप्टमध्ये आधी टर्मिनलला कर्सरची जागा विचारून मगच आकडा लिहायचा, अशी भर घातली. दर नावाची ओळ छापली की विचार, तू कुठे आहेस? तो सांगेल तीच त्या मशीनची ओळ. नाव मात्र दाजींनी ठेवलं होतं तेच ठेवलं. कुणालाच ते बदलण्याचं धाडस झालं नाही.

"सदतीस एक!" आतून आवाज आला.

"सदतीस एक, मावशी!"

"सदतीस दोन!"

"दोन!"

हे आम्ही संध्याकाळपर्यंत केलं, आणि दुसऱ्या दिवशीही, आणि पिल्लं बाहेर आली तेव्हाही माझा घसा बसलेला होता.

बरीच अंडी फुटली नाहीत. ती सासूबाईंनी स्वतः एका टोपलीत काढली, वर कापड घातलं आणि मागच्या अंगणात नेऊन पुरली. कुणाला बरोबर येऊ दिलं नाही. जी बाहेर आली ती आठ. एवढीशी, काळी, ओली, पायांवर पिसांचा अंदाज, आणि डोळ्यांत आत्ताच भलताच तोरा. एक लंगडत होतं.

"वाण वाचला, आई," दाजी म्हणाले.

सासूबाईंनी लंगडणारं पिल्लू तळहातावर घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"सगळे कोंबडे निघाले तर?" त्या म्हणाल्या. "किंवा सगळ्या कोंबड्या?"

आम्ही त्या आठ जणांकडे पाहिलं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. काहीच सांगितलं नाही.

"कधी कळेल?" मी विचारलं.

"या वाणाचं लवकर कळत नाही. तुरा यायला लागला की. दीड महिना, दोन महिने." त्यांनी पिल्लू दिव्याखाली परत ठेवलं आणि बाकीच्यांना ढकलून त्याला मधे जागा करून दिली. "तोवर मी कुठे जात नाही."

ताईने स्वयंपाकघरात जाऊन फडताळातला एक कप्पा रिकामा केला, पुसला, आणि सासूबाईंच्या औषधांच्या बाटल्या त्यात नीट लावून ठेवल्या.